खुंटी

त्र्यंबकेश्वरला मावशी-काकांची नारायण नागबळी होती. तीन दिवस पाऊस, रांगा, ओली धोतरं आणि लॉजवरची कुबट चादर. श्रावणात त्र्यंबकला जाऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो आणि स्वतः जातो.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून जुन्या नाशकात शिरलो. तिवंध्याजवळ एक वाडा उतरवत होते. पावसात त्याची एक बाजू खचली होती. खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, सगळं रस्त्याकडेला रचलेलं, काजळीनं काळंठिक्कर. मी म्हटलं, "सरपणच होणार आता याचं."

तिथला सुतार काही बोलला नाही. त्यानं रंधा उचलला आणि तुळईवर दोनदा फिरवला. कागदासारखी साल गुंडाळत निघाली, खाली मधाच्या रंगाचं लाकूड! नव्या चामड्यासारखा वास.

"सागवान हाय दादा. हे बघा." कडेचा पांढरा भाग वाळवीनं खाऊन पीठ केला होता, आणि गाभ्याच्या तोंडाशी येऊन ती थांबली होती. लाकडातलं तेल तिला चालत नाही म्हणे. एक जुना खिळा उपटला, तो गंजून न मोडता सरळ निघाला. "पण रंध्याची धार खातंय हे. आत रेतीच असती जशी."

मी तुळईवर हात ठेवला. बोटं आधीच तांबडी होती. आदल्या दुपारी हरसूलच्या वाटेवर एका पोरीनं सागाचं कोवळं पान माझ्या हातावर चोळलं होतं, तो रंग साबणानंही गेला नव्हता. तिकडे झाडांना पांढरे तुरे आले होते आणि निम्म्या पानांची अळीनं जाळी करून टाकली होती. बांधावरचे साग तिच्या बापाचेच, पण तोडायचे तर परवानगी काढा. तो त्यावर बराच वेळ बोलला, आणि रास्त बोलला.

"हे कुठं चाललं?" मी सुताराला विचारलं.

"रिसॉर्टला. द्राक्षाच्या मळ्यात बांधतायत ना, तिथं काउंटर करणार. घनफुटावर घेतलंय."

मला राग आला. पण रागवायचं कुणावर? आजोबांचा सागवानी झोपाळा फ्लॅटमध्ये मावेना, म्हणून आम्हीच भंगारवाल्याला दिला. त्या पैशांत प्लायचंही नाही, भुशाच्या फळ्यांचं कपाट घेतलं. दुसऱ्याच पावसाळ्यात ते पावासारखं फुगलं. त्याचं दार अजून लागत नाही, आम्ही रबर लावतो.

निघताना ढिगातली एक खुंटी मागितली. मुकादमानं तीनशे सांगितले. सुतार माझ्याकडे बघून हसला, तरी मी दिले. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं, "मूर्ती हाय का?"

घरी आल्यावर कळलं की तिची शेपटी हातभर लांब आहे, वाड्याच्या भिंतीत जायची ती. आमची भिंत चार इंची. सध्या खुंटी त्याच कपाटावर आडवी ठेवलीय.