एका फुलाला एवढे आकडे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात घरी बसून मी अमेरिकेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यांचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला विम्याच्या बिलासाठी ठरलेला कोड लावते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ताई, डोळ्यात फूल पडलं म्हणजे पडलं. त्याला एवढे आकडे कशाला?"

कारण बुबुळावरचा, म्हणजे कॉर्नियावरचा, पांढरा डाग नेमका कुठे आहे यावर त्या माणसाला किती दिसतं ते ठरतं. बाहुलीसमोर असला तर नजरच अडते. तेवढाच डाग कडेला असला तर माणूस पोथीसुद्धा वाचतो. म्हणून आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीतल्या एच १७ या गटात मधल्या डागाला एच १७.१, किरकोळ डागाला एच १७.८१, कडेच्याला एच १७.८२. आतला रंगीत पडदा डागाला चिकटला असेल तर एच १७.०. त्यापुढे शेवटचा आकडा डोळ्याचा: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० आलं; त्याआधीच्या आयसीडी-९ मध्ये कोडवरून डोळा कोणता ते कळतच नसे.

सगळ्यात जपावं लागतं ते ताज्या दुखण्याला. आपल्या खानदेशात दादर ज्वारीची खुडणी करताना पातं लागतं, कपाशीची काडी डोळ्यात जाते, जखमेत बुरशी शिरते आणि बुबुळावर व्रण होतो. तो व्रण चालू आहे तोवर एच १६.०. बरा होऊन मागे डाग उरला, की मग एच १७. (आणि डोळ्याला असं काही लागलं तर मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका, डॉक्टरांकडे जा. थेंबांत स्टेरॉइड असलं तर बुरशी आणखी फोफावते.)

एच १७.९ हा 'नेमकं नोंदलेलं नाही' असा कोड. तो लावला की काम झटकन सरतं, पण मला तो लावणं पटत नाही. चार्टवर डाग लिहिलाय आणि डोळा लिहिला नाही, तर फोटो बघून मी ठरवायचं नसतं. कोडरला तो अधिकार नाही. मग डॉक्टरांना विचारणा पाठवते: कोणता डोळा? डाग मध्ये की कडेला? शस्त्रक्रिया उजव्या डोळ्याची आणि कोड डाव्याचा गेला, तर विमा कंपनी बिल नाकारू शकते आणि टांगणीला लागतो तो पेशंट. उत्तर येईपर्यंत ती फाइल मी पुढे सोडत नाही.