बेअर शेवा: विहीर एक, मग सात कसल्या?

तिकीट काढताना 'बैर-शेबा' म्हणू नका, 'बेअर शेवा' म्हणा. मराठी बायबलातल्या 'शेबा'चा 'ब' आजच्या हिब्रूत 'व' होतो. हे शहर इस्राएलच्या दक्षिणेत, तेल अवीवहून आगगाडीने साधारण सव्वा ते दीड तास. शुक्रवारी दुपारनंतर शनिवार संध्याकाळपर्यंत मात्र गाड्या बंद. शहरात कोकणातून आलेले बेने इस्राएल ज्यूही राहतात, त्यामुळे इथे मराठी कानावर पडली तर दचकू नका.

'बेअर' म्हणजे विहीर, 'शेवा' म्हणजे सात. त्यावरून पुष्कळ जण 'सात विहिरी' असा अर्थ लावतात. तो चूक. अनेकवचन असतं तर 'बेएरोत' आलं असतं. इथे विहीर एकच आहे. बायबलातल्या उत्पत्तीच्या 21व्या अध्यायात अब्राहाम अबीमलेख राजाला सात मेंढ्या देतो, विहीर आपण खणल्याची साक्ष म्हणून, आणि दोघं तिथे शपथ वाहतात. हिब्रूत 'सात' आणि 'शपथ' यांची धातूची अक्षरं एकच, म्हणून नाव दोन्हीकडे झुकतं. शबाच्या राणीशी याचा संबंध नाही. हिब्रूत तिच्या नावाच्या शेवटी आलेफ हे अक्षर आहे, इथे आयिन.

आता विहीर कुठली बघायची? जुन्या शहरात 'अब्राहामाची विहीर' दाखवतात. पण उत्खनन झालेली प्राचीन टेकडी, तेल बेअर शेवा, शहराबाहेर पूर्वेला आहे. टॅक्सीवाल्याला 'तेल' (म्हणजे जुन्या वस्तीची टेकडी) हा शब्द आवर्जून सांगा, नाहीतर तो जुन्या शहरात नेऊन सोडेल. टेकडीच्या वेशीबाहेरची विहीर 69 मीटर खोल. ती अब्राहामाचीच, हे श्रद्धेने म्हणावं. टेकडीवर दिसणारे अवशेष मुख्यतः लोहयुगातले आहेत. भुयारी जलव्यवस्थेत उतरताना हेल्मेट घालावं लागतं. पायऱ्या ओबडधोबड आहेत, चपला घालून जाऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो टेकडीवरच्या शिंगांच्या वेदीला, म्हणजे कोपऱ्यांवर शिंगांसारखे उंचवटे असलेल्या बळी देण्याच्या दगडी चौथऱ्याला. तिचे दगड कोठाराच्या भिंतीत चिणलेले सापडले. कोणीतरी वेदी मोडून बांधकामाला वापरली होती. एका दगडावर साप कोरलाय. बायबलातलं निर्गम 20:25 सांगतं, वेदीच्या दगडाला हत्यार लावू नका, आणि हे दगड तर चांगले घडवलेले! इथली वेदी प्रतिकृती आहे, मूळ दगड जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये.

आपण 'काश्मीर ते कन्याकुमारी' म्हणतो, तसं बायबलात 'दानापासून बैर-शेब्यापर्यंत' येतं. दान हे प्राचीन शहर हेर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, उत्तरेला. दाविद राजाच्या शिरगणतीत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात हाच क्रम आहे. तीच हकिकत इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सांगताना मात्र 'बैर-शेब्यापासून दानापर्यंत' असं उलटं लिहिलंय.