टोपी झाली, पाठ राहिली

गेल्या वर्षी आषाढात मामाकडे भातलावणीला गेले होते. एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने आवण, म्हणजे भाताची रोपं, लावायचा प्रयत्न केला. रोपांची मूठ सोडायलाच दोन हात लागतात, हे चिखलात उतरल्यावर कळलं. बाकीच्या बाया पाठीवर इरली घेऊन ओळीने वाकलेल्या, हात चालू आणि गप्पाही चालू. मामी म्हणाली, "ती छत्री बांधावर रोव, निदान कावळा तरी बसंल तिच्यावर."

तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी स्वतः केलेलं काहीतरी डोक्यावर घालून येईन.

मामाचं गाव रायगड जिल्ह्यात, सुधागड तालुक्यात. घाटावर पावसाला घोंगडीची खोळ, घाटाखाली इरलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये पानांचा थर, आणि आकार डोक्यापासून कमरेखालपर्यंत, कासवाच्या पाठीसारखा. हल्ली पानांच्या जागी निळं प्लास्टिक आलंय. मला प्लास्टिक नको होतं. आणि खरं सांगायचं तर पूर्ण इरलंही नको होतं. ते घेऊन डोंबिवली लोकलमध्ये कोण चढणार? मी मनाशी टोपी योजली होती. खांद्यापर्यंत येईल अशी, वर पानांच्या पाकळ्या कमळासारख्या उमललेल्या. वहीत चित्रही काढलं होतं, रंगवून.

मामाच्या शेजारी एक आजोबा राहतात. पूर्वी गावातली निम्मी इरली त्यांच्या हातची असायची. त्यांना ते चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "झ्याक हाय. पाणी कुठून जानार?" मी म्हटलं, पाकळ्यांवरून. ते काही बोलले नाहीत. वही परत दिली आणि कोयता हातात घेतला.

बांबू मामाच्या बांधावरच्या बेटातला, वैशाखातल्या अमावस्येच्या आसपास तोडलेला. अंधाऱ्या पाखात तोडला की भुंगा लागत नाही, असं आजोबांचं म्हणणं. भुंग्याला बांबूतलं पिठूळ आवडतं एवढं मला माहीत होतं, चंद्राचं त्यात काय ते त्यांनाच ठाऊक. मी वाद घातला नाही. "आता बांबू तोडायला कुनी विचारत नाय," असंही ते म्हणाले. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्याबद्दल ते बोलत होते. तसंही बांबू म्हणजे गवतच. कोंब जमिनीतून वर येतो तो आपली पुरती जाडी घेऊनच, पुढे दरवर्षी झाडाच्या बुंध्यासारखा रुंदावत नाही. म्हणून जाडीवरून वय कळत नाही. आजोबा अंगाचा रंग बघत होते आणि नखाने वाजवत होते. यंदाचा कोवळा नको, वाळून करकरीत झालेलाही नको.

चिरण्यातच दोन दिवस गेले. कोयत्याने टोकाला चीर पाडायची, पायाने एक भाग दाबून दुसरा हाताने ओढत न्यायचा. सोपं दिसतं. माझी चीर दर वेळी एका बाजूला सरकायची आणि एक कामटी दोऱ्यासारखी बारीक होऊन तुटायची. त्यावरचा इलाज मला उलटाच वाटला होता. जी बाजू जाड राहते, तीच जास्त वाकवायची. मग चीर वळून तिच्याकडे येते. मी भीतीने बारीक बाजू वाकवत होते, म्हणून ती आणखी बारीक व्हायची. हे समजेपर्यंत एक आख्खा बांबू चुलीत गेला होता आणि माझ्या अंगठ्यात तीन सल. मामीने सुईने काढले, हसत हसत.

चिरल्यावर आतला पांढरा गर तासून टाकायचा, कारण ताकद बाहेरच्या हिरव्या सालीत असते. करंगळीच्या नखाएवढी रुंदी, कागदापेक्षा थोडी जास्त जाडी. अशा तीसेक कामट्या एका जाळीला. जाळ्या दोन.

आता विणणं. याच्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त मजा इथे आली. चटई दोन दिशांनी विणतात, इरल्याची जाळी तीन दिशांनी. कामट्या एकमेकींना तिरक्या ओलांडतात आणि मध्ये सहा बाजूंचे डोळे पडतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे. प्रत्येक कामटी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. क्रम बरोबर जमला की सगळ्या एकमेकींना धरून बसतात, खिळा नको की दोरा नको. क्रम एका ठिकाणी जरी चुकला तरी तो डोळा ढिला पडतो, आणि ते तीन फेऱ्या पुढे गेल्यावर लक्षात येतं. मी पहिल्या दिवशी चार वेळा उसवलं.

पाचव्यांदा विणलं ते सुरेख जमलं. अगदी सारखे डोळे. पण जाळी सपाट! ओट्यावर ठेवली तर पापडासारखी पसरली. डोक्यावर धरली तर दोन्ही बाजूंनी लोंबली. मी कडा दाबून, दोरीने आवळून तिला गोलावा आणायला बघत होते, तेव्हा आजोबा बिडी विझवून आले. मधला डोळा त्यांनी बोटाने दाखवला. "ह्यो सहाचा हाय. पाचाचा धर."

बस, एवढंच. मध्ये सहाऐवजी पाच कामट्यांचा डोळा करून सुरुवात केली, पुढचे सगळे डोळे सहाचेच ठेवले. दुसऱ्या फेरीतच जाळी आपणहून उभी राहायला लागली. दाबावी लागली नाही, ओढावी लागली नाही. प्रत्येक फेरीला पाच नव्या कामट्या घालत गेले आणि संध्याकाळपर्यंत पसरट सुळक्यासारखा आकार तयार. एक बाजू कमी झाली की सपाट राहायला जागाच उरत नाही, म्हणून जाळी वर उचलली जाते. फुटबॉलवर काळे पंचकोन असतात ते याचसाठी, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर भूमितीत बरे मार्क पडले असते. आजोबांना मी फुटबॉलचं सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

पानांची गोष्ट वेगळी. मला साग हवा होता, मोठ्ठी पानं म्हणून. पण मे महिन्यात साग उघडाबोडका असतो, नवी पानं पावसाच्या तोंडावर येतात. पळस मात्र फुलं गाळून हिरवागार झालेला. पळसाला पानं तीनच, त्यातलं मधलं मोठं. मी एका सकाळी टोपलीभर आणली आणि तशीच ताजी रचून टाकली, तीही माझ्या चित्राप्रमाणे, टोकं वरच्या बाजूला, कमळ! दिसायला इतकं छान झालं की फोटो काढून चार जणींना पाठवले. तीन दिवसांनी पानं सुकून आक्रसली, कडा वळल्या आणि प्रत्येक फटीतून उजेड दिसायला लागला. कमळाचा पार चिवडा झाला होता.

दुसऱ्यांदा शहाणपणा केला. पानं एकावर एक रचून पाट्याखाली सहा दिवस दाबून ठेवली. जेवढी आक्रसायची तेवढी आधीच आक्रसली, पण सपाट राहिली. मग कडेपासून सुरुवात. टोक खाली, गुळगुळीत बाजू वर, लवेची बाजू आत. दुसरी ओळ पहिलीच्या सांध्यावर, तिसरी दुसरीच्या, अगदी घरावर कौलं चढवतात तशी. झाडावरही पान टोक खाली करूनच लोंबतं आणि पाणी टोकावरून ओघळतं. आजोबांचा "पाणी कुठून जानार" आत्ता कळला.

शेंड्याला सगळे देठ गोळा होतात, तिथे भोक राहतं. मी मेण लावू का म्हणून विचारलं. मामीने दोन पानं घेतली, बांबूच्या बारीक चोयांनी टाचून द्रोण केला आणि शेंड्यावर उपडा घातला. पाच मिनिटांचं काम. वरून दुसरी जाळी ठेवली, कडेला जाड कामटीचं कडं फिरवलं आणि काथ्याने आवळून बांधलं. आत डोकं बसायला मामीच्या जुन्या लुगड्याची चुंबळ शिवली. चुंबळीमुळे टोपी डोक्यापासून चार बोटं वर राहते, वारा खेळतो. चुलीवर आठवडाभर धुरात टांगून ठेवली. घरच्या काट्यावर वजन भरलं ७४० ग्रॅम.

अंगणात खुर्चीवर बसले आणि मामाने झारीने दोन बादल्या पाणी ओतलं. डाव्या कानाजवळ एक थेंब आला. एक पान आणखी सरकवलं, तोही थांबला. आजोबांनी टोपी हातात घेऊन फिरवून पाहिली, कडं दाबून पाहिलं आणि परत दिली. म्हणाले, "बसून बघितलंस. वाकून बघ." मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणी लागली. टोपी घालून बांधावर उभी राहिले तेव्हा पाऊस धो धो होता आणि डोक्यावर पळसाच्या पानांचा टपटप आवाज, छत्रीत येतो तसा फटफट नव्हे. केस कोरडे. दोन्ही हात मोकळे. मग आवणाची मूठ घेऊन वाकले. टोपी पुढे झुकली, मागची कड वर उचलली गेली आणि पानांवरचं सगळं पाणी, टोकाटोकांवरून नीट वाट काढत, माझ्या मानेवर आणि तिथून ब्लाउजच्या आत. पाऊस तर पाठीवर पडतच होता, वर टोपीची पागोळी. दहा मिनिटांत मी चिंब, आणि शेजारी मामी कमरेपर्यंत कोरडी.

लावणीत माणूस उभं नसतंच. दिवसभर वाकलेलं असतं, आभाळाकडे पाठ करून. इरल्याला पाठ असते ती त्यासाठी. मी टोपी बेतली होती लोकलच्या दरवाजाच्या मापाने.

दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा मामीने टोपी घेऊन आपल्या डोक्यावर ठेवली आणि ताठ बसली. "बांधावर बसून भाकरी खायाला बेस हाय," म्हणाली आणि ती तिच्याकडेच ठेवून घेतली. उरलेला दिवस मी तिच्या धाकट्या जावेचं निळ्या प्लास्टिकचं इरलं घालून लावणी केली.

आजोबांकडे सात-आठ कामट्या उरल्या आहेत, हातभर लांबीच्या. इरल्याच्या पाठीला त्या पुरायच्या नाहीत. बेटात सध्या नवे कोंब वर येताहेत, त्यामुळे दिवाळी होईपर्यंत बांबूला हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलंय.