आमची वाटचाल : सातपूरचा गाळा, अंबडचे काका आणि सेव्ह न होणारा प्रोजेक्ट

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत आमच्याबद्दल अजूनही कोणी ना कोणी म्हणतंच की यांचं सॉफ्टवेअर करप्ट निघालं होतं. हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते मला पक्कं माहीत आहे. म्हणून वाटचाल लिहायला बसलोय तर मुख्य तेच लिहिणार, नारळ फोडला, पेढे वाटले हे सगळ्यांचं सारखंच असतं.

सुरुवात सातपूर एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात, मी आणि अण्णा. अण्णा माझा पहिला पार्टनर, मूळचा पॅनल वायरमन. त्याचं क्रिम्पिंग टूल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मुठीवरचं रबर झिजून गेलंय पण फेरूल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, असं बसवतं की ओढून निघत नाही, नवीन पोरांना मी आधी ते हातात देतो आणि मगच माऊस. टेस्ट बेंच, म्हणजे तयार माल तपासायची यंत्रं, बनवायचे हा आमचा धंदा. नाशकात स्विचगिअरवाले आणि त्यांचे व्हेंडर भरपूर, त्यामुळे कॉइल, कॉन्टॅक्टर, रिले तपासायचे बेंच सगळ्यांना लागतात. सॉफ्टवेअर लॅबव्ह्यूमध्ये. १९८६ साली मॅकिंटॉशवर आलेलं हे प्रकरण, कोड टाइप करायचा नाही, ब्लॉक ठेवायचे आणि वायर जोडायच्या. अण्णाला इंग्रजी कोड दाखवला तर तो मान फिरवायचा, पण ब्लॉक डायग्राम बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "ही वायर चुकीच्या टर्मिनलला गेलीये." आणि खरंच गेली होती.

पहिलं मोठं काम दिलं अंबडच्या काकांनी. कॉन्टॅक्टरचा बेंच, म्हणजे कॉइलला वीज दिली की ओढून सर्किट जोडणारा स्विच तपासायचा. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, रेटेड व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवर कॉन्टॅक्टर ओढलाच पाहिजे, आणि एसी कॉइल असेल तर व्होल्टेज उतरवत आणलं की ७५ ते २० टक्क्यांच्या मध्ये सुटला पाहिजे. काका स्वतः कान लावून ऐकायचे, गुणगुणला की बाजूला काढायचे. ॲडव्हान्सचा चेक देताना म्हणाले, "मशीन माझं, पण अक्कल तुमची, ती नीट सांभाळून ठेवा." पुढची काही वर्षं बरी गेली, कामं येत राहिली, बेंचला मॉडेल वाढत गेली, प्रोजेक्ट हजाराच्या वर व्हीआयपर्यंत गेला, व्हीआय म्हणजे लॅबव्ह्यूची एकेक प्रोग्रॅम फाइल.

मग आलं २०१५, सिंहस्थाचं वर्ष. शाही स्नानाच्या दिवसांत रस्ते बंद, त्र्यंबक रोडला बॅरिकेड, सातपूरवरून अंबडला जायचं तर गल्लीबोळातून टू-व्हीलर काढायची. नेमकं तेव्हाच काकांकडून फोन. बदल करून सेव्ह करतो, दुसऱ्या दिवशी जुनंच चालतं. आमच्या इंजिनिअरने तिथे बसून लिमिट बदलली, सेव्ह केलं, फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसला आला, उघडलं तर बदलच नाही. एक साधा व्हीआय उघडून बंद करायला गेलं की शेकडो फाइली सेव्ह करू का म्हणून विचारणार, टायटलवर चांदणी, म्हणजे बदल झाल्याची खूण, कुणी काही हात लावलेला नसताना. आणि एक दिवस तर मेन व्हीआयचा रनचा बाण तुटलेला, म्हणजे प्रोग्रॅम चालणारच नाही, समोर सर्चची विंडो, अमुक सबव्हीआय (मेनच्या आत वापरलेला व्हीआय) सापडत नाही. लाइन थांबली.

आता यात दुसरे कसे आले ते सांगतो. नाव घेत नाही, आपल्याच धंद्यातले, आमच्यापेक्षा मोठे. काकांचा पुतण्या तेव्हा परचेस बघायचा, त्याने त्यांना एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, कोटेशनसाठी बोलावलं होतं. ते आले, बेंचवर बसले, आणि बाण तुटल्यावर भर मीटिंगमध्ये म्हणाले की प्रोजेक्ट करप्ट आहे, सगळं नव्याने लिहावं लागेल, आकडाही सांगून मोकळे. आमचं पेमेंट अडकलं. दुसऱ्या दोन पार्ट्यांनी ऑर्डर होल्डवर टाकल्या. गाळ्याचं भाडं थकलं, अण्णाने घरचं सोनं ठेवलं, हे मी विसरणार नाही.

फाइल करप्ट नव्हती. हे मी तेव्हाही म्हणत होतो.

काकांनी रविवारी शॉप उघडून दिलं. प्रोजेक्ट विंडोत शो आयटम पाथ्स (कुठली फाइल कुठल्या फोल्डरमधली ते दाखवणारी सोय) चालू केलं, आणि बघतो तर काय, सगळे व्हीआय डी ड्राइव्हवरच्या आमच्या फोल्डरमधले आणि मध्येच काही डेस्कटॉपवरच्या फोल्डरमधले. डेस्कटॉपवर आमची पूर्ण कॉपी, आणि फोल्डरची तारीख ते दुसरे कंपनीवाले पाहुणे आले त्याच दिवसाची. लॅबव्ह्यू एका प्रोजेक्टच्या मेमरीत एकाच नावाचे दोन व्हीआय ठेवत नाही, लायब्ररीत असतील तर गोष्ट वेगळी. त्यांनी प्रोजेक्ट उघडा ठेवून तिथूनच डेस्कटॉपवरचा सबव्हीआय ओपन केला, मग मेन उघडला, मेनला त्या नावाचा व्हीआय मेमरीत मिळाला म्हणून तो त्यालाच चिकटला, वॉर्निंग आली की अपेक्षित जागेऐवजी दुसरीकडून लोड झालाय, ती ओके करून टाकली आणि वर सेव्ह ऑल. झालं. तिथून पुढे आमचा माणूस डायग्रामवर डबल क्लिक करून जे बदलत होता ते डेस्कटॉपच्या कॉपीत सेव्ह होत होतं आणि डी ड्राइव्हवरचं जसंच्या तसं. नंतर कुणीतरी डेस्कटॉप साफ केला, काही फाइली उडाल्या, बाण तुटला.

सोडवलं असं. आधी दोन्ही फोल्डरची कॉपी बाहेरच्या डिस्कवर. डेस्कटॉपच्या कॉपीत जे खरे बदल होते ते तारखा बघून एकेक उचलून मूळ फोल्डरमध्ये आणले, हे सगळ्यात चिकट काम, अण्णा शेजारी वही घेऊन टिक करत होता. मग लॅबव्ह्यू पूर्ण बंद, डेस्कटॉपच्या फोल्डरचं नाव बदललं म्हणजे जुन्या पत्त्यावर काही सापडणारच नाही, आणि प्रोजेक्ट उघडला. जिथे शोधायला लागला तिथे हाताने डी ड्राइव्हवरची फाइल दाखवली. एकाच नावाच्या दोन फाइलींची भांडणं दाखवणारे पिवळे त्रिकोण गेले, डिपेंडन्सीजमध्ये, म्हणजे प्रोजेक्ट ज्या इतर फाइलींवर टेकलाय त्या यादीत, परका पाथ उरला नाही, तेव्हा सेव्ह ऑल. बंद करून परत उघडून परत पाथ तपासले.

शेकडो चांदण्यांचं कारण वेगळं. सेव्हच्या डायलॉगमध्ये एक्स्प्लेन चेंजेस म्हणून बटण असतं, ते कुणी दाबतच नाही. दाबलं तर प्रत्येक फाइलसमोर कारण लिहिलेलं, टाइपडेफ (डेटाची सगळ्यांनी वापरायची एकच व्याख्या) बदलला. रिझल्टचा क्लस्टर, म्हणजे फील्डचा गट, सगळीकडे वापरलेला, त्यात एक फील्ड वाढलं की वापरणारा प्रत्येक व्हीआय रिकंपाइल होणार, म्हणजे त्याचा मशीन कोड पुन्हा बनणार, आणि कंपाइल्ड कोड त्याच फाइलमध्ये असला की फाइल बदलली असं धरणार. २०१० च्या व्हर्जनपासून कंपाइल्ड कोड सोर्सपासून वेगळा ठेवायची सोय आहे, ती पूर्ण प्रोजेक्टला लावली, कॅश क्लिअर केली. नुसत्या रिकंपाइलने उठणारी सेव्हची लाट थांबली.

सोमवारी पहिली पाळी बेंचवर लागली. काकांनी मीटिंग घेतली, पुतण्याला समोर बसवलं आणि मला डेस्कटॉपचा पाथ स्क्रीनवर दाखवायला सांगितला. पेमेंट त्याच आठवड्यात आलं. त्या कंपनीला मी फोन केला होता, साहेब, जे बोललात ते मागे घ्या. बघू म्हणाले. एवढी वर्षं झाली, अजून बघतायत. होल्डवर गेलेल्या दोन्ही ऑर्डर त्यांनाच गेल्या, आणि पार्ट्यांना आजही खरं काय झालं होतं ते माहीत नाही, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितोय.

नव्याने धंद्यात येणाऱ्या पोरांना सांगतो. शॉप फ्लोअरच्या पीसीवर सोर्स ठेवूच नका, एक्झी, म्हणजे थेट चालणारी तयार फाइल, द्या, कस्टमरने लायसन्स घेतलं असेल तरी सोर्सची जागा वेगळी. बॅकअप झिप करून ठेवा, झिपमधला व्हीआय चुकून कुणी प्रोजेक्टमध्ये लोड करत नाही. फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी आणि नावं आखूड, विंडोजची पाथची २६० अक्षरांची मर्यादा फोल्डरात फोल्डर करत गेलं की कधी गाठली ते कळतही नाही, मग सेव्हला एरर येतो आणि लोक अँटिव्हायरसला शिव्या देतात. सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू प्रोजेक्ट नको. व्हर्जन कंट्रोल लावा, व्हीआय बायनरी असले तरी लावा, कुणी कधी काय टाकलं एवढं तरी दिसतं. आणि वॉर्निंग वाचा रे बाबांनो, ओके दाबायच्या आधी वाचा.

काकांकडे आता तिसरी लाइन लागतेय, बेंच आमचाच. अण्णा गावी शेती बघतो, पण दसऱ्याला शस्त्रपूजेला गाळ्यात येतोच आणि पॅनलचं दार उघडून फेरूल ओढून बघतो. नाशकात कुणाचा असा प्रोजेक्ट अडकला असेल तर घेऊन या, आम्ही बघून देऊ, फक्त एकटा मेन व्हीआय मेल करू नका, प्रोजेक्ट फाइलसकट अख्खं फोल्डर झिप करून आणा, आणि डेस्कटॉपवर काही कॉपी असेल तर तीसुद्धा डिलीट न करता.