शेवाळाची खोली

आमच्या खोलीत पाहुणा आला की प्रश्न ठरलेला असतो, "शेवाळ म्हणताय, मग हिरवं कुठंय?" रॅकवर ट्यूबलाइटसमोर फ्लास्क, मोठ्या बाटल्या, कार्बॉय म्हणजे प्लास्टिकचे मोठे कॅन, सगळ्यात हवेचे बुडबुडे, आणि बहुतेकांचा रंग सोनेरी नाहीतर तपकिरी. हिरव्या बाटल्या आहेत, पण खालच्या रॅकवर.

मी अंधेरीला एका लहानशा लॅबमध्ये शेवाळ वाढवायचं काम करतो. शेजारच्या खोलीत कालवांची पिल्लं असतात, म्हणजे साध्या डोळ्यांना पाण्यातली धूळ वाटावी अशा अळ्या. त्यांना जे खायला लागतं ते माझ्या खोलीतून जातं. अळीच्या तोंडात मावायचं तर शेवाळाची पेशी फार तर १० मायक्रॉनची हवी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आयसोक्रायसिस नावाचं शेवाळ ४ ते ६ मायक्रॉनचं, कीटोसेरॉस हे दुसरंही तसंच बारीक. दोघांत फ्यूकोझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं, म्हणून ती तपकिरी दिसतात.

हिरव्याचं आकर्षण नव्या मुलांना फार. क्लोरेला, नॅनोक्लोरॉप्सिस ही हिरवी मंडळी कशीही फोफावतात. बाटली दोन-चार दिवसांत गर्द हिरवी होते, फोटो छान येतो. पण त्यांच्या पेशीला जाड भिंत असते आणि कालवाच्या कोवळ्या अळीला ती पचत नाही. अळीचं पोट हिरवं दिसतं आणि वाढ मात्र खुंटलेली. आयसोक्रायसिसला तशी टणक भिंतच नाही. शिवाय त्यात डीएचए भरपूर, कीटोसेरॉसमध्ये ईपीए, ही दोन्ही ओमेगा-३ स्निग्धाम्लं, म्हणून आम्ही दोन्ही मिसळून देतो. टेट्रासेल्मिस हिरवंच, पण आकाराने मोठं. ते पिल्लं जरा मोठी होऊन तळाला चिकटली की मग.

आयसोक्रायसिसची ओळख जगाला करून दिली मेरी पार्क या बाईंनी. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरच्या पोर्ट एरिनच्या प्रयोगशाळेत त्या आणि त्यांचे सहकारी कालवांच्या अळ्या वाढवू पाहत होते, त्यासाठी कोणतं शेवाळ चालेल याचा शोध चालू होता. नाव आणि शास्त्रीय वर्णन १९४९ चं. आपल्याकडे १९८१ मध्ये तामिळनाडूत तुतिकोरिनला मोत्यांच्या कालवांची पिल्लं हॅचरीत तयार झाली, तिथेही खाद्य हेच. आम्ही वापरतो तो वाण ताहिती बेटावरचा, त्याला उष्णता जास्त सोसते. त्याचं नाव २०१३ मध्ये बदलून टायसोक्रायसिस झालं. आमच्या बाटल्यांवर मात्र अजून मार्कर पेनने 'टी-आयसो'च.

खत म्हणून एफ-बाय-टू. गिलार्ड आणि रायथर यांच्या १९६२ च्या 'एफ' मिश्रणाची ताकद निम्मी केली की ते होतं. लिटरला ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम फॉस्फेट, लोह आणि इतर धातू चिमूटभराहूनही कमी, वर बी-१, बी-१२ आणि बायोटिन ही जीवनसत्त्वं. कीटोसेरॉस डायटम गटातलं आहे, त्याला काचेसारखं कवच बांधायला सिलिकेट वेगळं घालावं लागतं. एवढं पाठ झालं की खताचा विषय संपतो.

खरी कसोटी आहे ती वेळेची. बाटली गडद झाली म्हणजे तयार झाली असं नाही. पेशी भराभर दुप्पट होत असतात तेव्हाच काढायच्या. वाढ थबकली की त्यांच्यातली प्रथिनं कमी होतात, बॅक्टेरिया वाढतात, आणि तसं शेवाळ अळ्यांना घातलं तर टाकीच नासते. म्हणून रोज सकाळी मोजणी. आयसोक्रायसिस पळतं, म्हणून आधी थेंबभर ल्यूगॉल आयोडीन घालून त्याला थांबवायचं, मग काउंटिंग चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या मोठ्या चौकोनातल्या पेशी मोजायच्या. त्यात ५०० पेशी आल्या तर मिलिलिटरला ५० लाख. आता ५०० लिटरच्या टाकीत मिलिलिटरला २०,००० पेशी हव्या असतील तर बरोबर २ लिटर कल्चर, म्हणजे बाटलीतलं शेवाळाचं पाणी, लागतं. पाहुण्यांना हा आकडा आवडतो. पण ते २ लिटर रोज, त्याच दर्जाचं, रविवारी आणि गणपतीतसुद्धा लागतं, हे सांगितलं की चेहरे बदलतात. सगळी मदार लहान टेस्ट ट्यूबमधल्या मूळ स्टॉकवर. घरच्या विरजणासारखं ते थोडं नेहमी बाजूला राखायचं, संपू द्यायचं नाही.

मुंबईत दोन गोष्टी छळतात. एक मे महिना. एसी बंद पडला की कीटोसेरॉस तग धरतं, पाव्हलोवा नावाचं आणखी एक शेवाळ सगळ्यात आधी मान टाकतं. दुसरा पाऊस. जूननंतर किनाऱ्याच्या पाण्यातले क्षार उतरतात, गाळ वाढतो. पाऊस सुरू व्हायच्या आत टाक्या भरून ठेवाव्या लागतात. ते पाणी १ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, जंतू मारायला हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, घालायचं, आणि दुसऱ्या दिवशी थायोसल्फेटने क्लोरीन मारायचा. एवढं करूनही एखादा सिलिएट, म्हणजे शेवाळ खाणारा सूक्ष्मजीव, आत शिरतोच, बहुतेकदा हवेच्या नळीतून. तपकिरी कार्बॉय एका रात्रीत पांढुरका पडतो. तो वाचवायच्या भानगडीत मी पडत नाही, सरळ ओतून ब्लीच करतो. हळहळ करणारे लोक या कामात टिकत नाहीत, असं माझं मत.

वर्सोव्याच्या बाजारात माझ्या ओळखीच्या एक मावशी कालवं विकतात. माझं काम ऐकून त्या हसल्या. "खायला घालतोस? समुद्रात काय कमी हाय?" त्यांचं बरोबरच आहे. मोठं कालव खाडीत टांगलं की भरती-ओहोटीच्या पाण्यातून आपलं आपण गाळून खातं, खाद्याचा खर्च शून्य. कोळंबीच्या तळ्यात पोत्यांनी खाद्य ओततात, त्याच्यापुढे हे पालन मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं. माझी खोली लागते ती पहिल्या काही आठवड्यांपुरती, अळी तळाला चिकटून जरा मोठी होईपर्यंत.

हल्ली शेवाळाची तयार पेस्ट मिळते, फ्रीजमध्ये ठेवायची आणि हवी तेवढी पाण्यात कालवायची. आमच्याकडेही एक बाटली असते, एसी बंद पडला तर म्हणून. पण पेस्टमधल्या पेशी मेलेल्या असतात, त्या तळाला बसतात. अळ्या वर पोहत राहतात आणि खाणं खाली कुजतं. चिकटलेल्या पिल्लांना पेस्ट चालेल, अळ्यांना मी तरी देत नाही.