तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन तापल्यावर थांबणारी टिकटिक

माझ्याकडे 1983 ची पोर्शे 911 एस.सी. आहे हे कळले, की जुन्या गाड्यांची आवड असलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. थंड इंजिन सुरू केल्यावर मागच्या बाजूने टिकटिक ऐकू येते, दहा मिनिटे गाडी चालली की ती आपोआप थांबते. मग एवढ्याशा आवाजासाठी सगळा एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, उतरवायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः ती टिकटिक कित्येक महिने ऐकत होतो आणि ती थांबली की निश्चिंत होत होतो. आज मात्र कोणी विचारले, तर मी सांगतो की ही टिकटिक म्हणजे एक्झॉस्टच्या जोडातून होणारी धुराची गळती आहे, ती एक दिवसही अंगावर काढू नका, आणि निदान ती काढेपर्यंत गाडीचा हीटर लावू नका.

हीटरचा संबंध कुठे आला, हे आधी सांगायला हवे. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत केबिन उबदार करायला इंजिनातले गरम पाणी वापरतात. 1964 पासून 1998 पर्यंत तयार झालेल्या हवेने थंड होणाऱ्या 911 मध्ये असे पाणीच नाही. तिथे सिलिंडर-हेडमधून (सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणातून) निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांवर पत्र्याचे आवरण असते, इंजिनच्या पंख्याची हवा त्या आवरणातून जाते, तापलेल्या नळ्यांवरून वाहताना गरम होते आणि तीच केबिनमध्ये येते. या भागाला हीट एक्स्चेंजर म्हणतात. म्हणजे आपण श्वासावाटे घेतो ती हवा आणि इंजिनचा धूर यांच्यामध्ये फक्त नळीच्या पत्र्याची जाडी असते. आतली नळी गंजून फुटली, तर धूर थेट केबिनमध्ये येतो. हेडजवळच्या जोडातून गळती असेल, तर तो धूर इंजिनाभोवतीच्या पत्र्यांच्या झिजलेल्या रबरी पट्ट्यांतून वर इंजिनच्या कप्प्यात शिरतो, आणि पंखा हवा ओढतो ती त्याच कप्प्यातून. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे वास येत नाही म्हणून सगळे ठीक आहे, असे मानण्यात अर्थ नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी तेव्हापासून कायम केबिनमध्ये ठेवतो.

टिकटिक थांबते याचा अर्थ गळती बरी झाली, असा मुळीच नाही. इंजिन थंड असताना फ्लँज (नळीच्या टोकाची, हेडला जोडायची चपटी कड) आणि गॅस्केट (जोडात घालायची चकती) यांच्यामध्ये बारीक फट असते, आणि त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडला की दर वेळी वायूचा झोत त्या फटीतून सुटतो. नळ्या तापून प्रसरण पावल्या की फट दबते. पण प्रत्येक थंड सुरुवातीला तोच तप्त झोत गॅस्केटची कड आणि फ्लँजचा पृष्ठभाग खात राहतो. काही जणांना ही टिकटिक व्हॉल्व्हची वाटते. फरक ओळखणे सोपे आहे: व्हॉल्व्हची फट वाढली असेल, तर तो आवाज इंजिन तापल्यावर नाहीसा होत नाही, आणि ॲक्सिलरेटर दाबताच एकदम फुसफुसतही नाही. आणखी एक खूण म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून गाडी उतरणीला लागली की मागून फटफट आवाज येतो, कारण तेव्हा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल नळीतच पेटते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत तर ही आगंतुक हवा सेन्सरला फसवते. पेट्रोल कमी पडते आहे असे समजून यंत्रणा ते वाढवते, आणि आपण भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

जागा शोधायला मी जी पद्धत वापरतो ती साधी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकण्याच्या बाजूला जोडून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायची, फट चिंधीने बंद करायची, आणि प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावायचे. गळती असेल तिथे फुगे येतात. माझ्या गाडीत डाव्या बाजूच्या तिसऱ्या सिलिंडरच्या फ्लँजपाशी तांदळाच्या दाण्याएवढे फुगे रांगेने येत होते, आणि पुसून पाहिले तर तिथेच हेडच्या ॲल्युमिनियमवर काजळीची पंख्याच्या आकाराची काळी खूण होती. इतकी स्पष्ट खूण मला आधी दिसली नव्हती, कारण आधीच्या कोणीतरी जोडाभोवती जाड सीलंट थापून ठेवले होते. असे सीलंट तापमानाच्या चढउतारात भेगाळते. ते मी खरडून काढले आणि पुन्हा कधी लावले नाही.

खरा कस लागतो तो नट काढताना. सहा सिलिंडर, प्रत्येकाला दोन, असे बारा स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे, असतात आणि त्यांवर नट. काही नट समोर दिसतात, पण काहींपर्यंत हीट एक्स्चेंजरच्या आवरणातल्या भोकांतून लांब ॲलन-कीनेच पोहोचावे लागते. चाळीस वर्षांची उष्णता आणि गंज यांनी नट आणि स्टड जणू एकजीव झालेले असतात, आणि स्टड ज्या हेडमध्ये बसलेला असतो ते हेड ॲल्युमिनियमचे, म्हणजे स्टडच्या पोलादापेक्षा कितीतरी मऊ असते. मी आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारे तेल लावत राहिलो. नंतर आजूबाजूचे तेल आणि मळ पूर्ण पुसून, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवून, फक्त नट तापवला, हेड नाही. नट लालसर झाला की थांबायचे आणि निवू द्यायचे. फिरवताना नट किरकिर करतो तोवर काळजी नाही, अर्धा आटा मागे घेऊन, तेल देऊन, पुन्हा अर्धा आटा पुढे जायचे. पण पाना हाताला अचानक मऊ लागला, रबर फिरवल्यासारखा, तर त्याच क्षणी थांबावे. तेव्हा नट फिरत नसतो, स्टड पिळवटत असतो. मला हा मऊपणा पहिल्यांदा कळला नाही, आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक स्टड हेडच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटरवर तुटला.

तुटलेला स्टड ड्रिलने काढायचा मोह होतो, पण पोलादी स्टडवरून ड्रिलचे टोक घसरते आणि बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये उतरते. मी एका अनुभवी वेल्डरकडून उरलेल्या तुकड्यावर नवा नट वेल्ड करून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड फुगतो, निवताना आकसतो, आणि आट्यांमधली पकड सुटते. पोलादाचे हे वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, हाही फायदाच. दुसऱ्या प्रयत्नात तो तुकडा सावकाश फिरत बाहेर आला. हेडमधले आटे गेले असते, तर तिथे पोलादी इन्सर्ट (नवे आटे असलेली बाही) बसवावा लागला असता, आणि ते काम मी घरी केले नसते.

पुढचे काम त्या मानाने सोपे, तरी एक गोष्ट सगळेच विसरतात. जुन्या हीट एक्स्चेंजरचे फ्लँज वाकलेले असतात. फ्लँजवर सरळ पट्टी धरून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहिले, तेव्हा माझ्या डाव्या बाजूच्या मधल्या फ्लँजखाली फट दिसली. ती सपाट पाट्यावर आणि बारीक कानशीने काढल्याशिवाय नवे गॅस्केट घालून काही उपयोग झाला नसता. गॅस्केट प्रत्येक वेळी नवेच घ्यावे, कारण ते दाबले जाऊनच फट भरते आणि एकदा दाबलेले पुन्हा तसे बसत नाही. जोडताना हेडपासून सायलेन्सरपर्यंत सगळे जोड आधी सैल ठेवावेत, म्हणजे नळ्या आपापल्या जागी ताण न घेता बसतात, आणि मग हेडकडून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे करत, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या ठरलेल्या जोरापर्यंत) आवळत जावे.

गाडी चार-पाच वेळा पूर्ण तापून निवल्यावर मी पुन्हा खाली शिरलो आणि बाराही नट टॉर्क रेंचने तपासले. अकरा नट जागचे हलले नाहीत. वेल्डिंग करून काढलेल्या स्टडच्या जागी घातलेल्या नव्या स्टडवरचा नट पाव आटा आणखी बसला. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू करून मी गाडीमागे उकिडवा बसून ऐकले, मग आत जाऊन हीटरची दांडी पूर्ण वर ओढली आणि अलार्मच्या आकड्याकडे बघत पंधरा मिनिटे काचा बंद करून बसलो. तो आकडा शून्यावरून हलला नाही.