अपर पेनिन्सुलात आरव्ही नेताना टाक्यांचा हिशोब

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या अपर पेनिन्सुला या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाची सहल आखताना बहुतेकजण आधी धबधबे, दीपगृहं आणि किनारे नकाशावर टिपतात आणि मुक्कामाच्या जागा मागाहून शोधतात. आरव्ही, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, असेल तर हा क्रम उलटा करावा. वीज कुठल्या रात्री मिळणार, पिण्याचं पाणी कुठे भरायचं आणि सांडपाणी कुठे सोडायचं हे आधी ठरवायचं, मग रस्ता. तीन बाजूंना अथांग तळी असली तरी नळाला येणारं पाणी आपल्याच टाकीतलं असतं.

इथल्या स्टेट पार्कांत कॅम्पग्राउंडचे मुख्य प्रकार दोन, 'मॉडर्न' आणि 'रस्टिक'. मॉडर्न म्हणजे जागेवर विजेचा खांब आणि जवळपास शॉवर-टॉयलेटची इमारत. नवखे इथे फसतात, कारण पाणी आणि सांडपाण्याची जोडणी प्रत्येक जागेवर असेल असं ते गृहीत धरतात. बहुतेक पार्कांत ती नसते. टाकी पार्कातल्या नळावर भरून घ्यायची आणि सांडपाण्याच्या टाक्या निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी, रिकाम्या करायच्या. रस्टिकमध्ये वीजही नसते. आरक्षण सहा महिने आधी उघडतं, म्हणजे जुलैतले शनिवार-रविवार हवे असतील तर जानेवारीतच बसावं लागतं. जागा निवडताना तिची लांबी बघा आणि गाडीची लांबी मागच्या बंपरपर्यंत, सायकलचा रॅक धरून मोजा.

आता टाक्या. पंचवीस फुटी क्लास सी (मध्यम आकाराच्या) गाडीत साधारण 35 ते 40 गॅलन स्वच्छ पाणी मावतं आणि सांडपाण्याच्या ग्रे व ब्लॅक (टॉयलेटची) या टाक्या प्रत्येकी तीसेक गॅलनच्या असतात. आधी भरते ती ग्रे, म्हणजे बेसिन आणि शॉवरची. अंग ओलं केलं, नळ बंद करून साबण लावला, मग पुन्हा सोडून धुतलं, तर अंघोळ तीन-चार गॅलनमध्ये होते. नळ सोडून दहा मिनिटं उभं राहिलं की पंधरा गॅलन सहज जातात. चौघांनी गाडीत रोज अंघोळी केल्या आणि वाहत्या नळाखाली भांडी घासली, तर दुसऱ्या दिवशी ग्रे टाकी भरलीच म्हणून समजा. त्यामुळे मॉडर्न पार्कात अंघोळ इमारतीतच करा. भांडी टबात घासा, खरकटं आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका.

या हिशोबाने पूर्वेकडून पश्चिमेकडे असा क्रम बसतो. आधी टाक्वामेनॉन फॉल्स स्टेट पार्कात दोन रात्री, वीज असलेली जागा घेऊन. वरचा धबधबा 50 फूट उंच आणि 200 फूट रुंद आहे, पाणी टॅनिन या वनस्पतींतून उतरणाऱ्या द्रव्यामुळे तपकिरी. निघताना दोन्ही टाक्या रिकाम्या करा आणि स्वच्छ पाण्याची टाकी काठोकाठ भरा. 40 गॅलन म्हणजे सुमारे 330 पौंड. एरवी एवढं वजन वाहून नेऊ नये, इथे मात्र न्यायचं, कारण पुढच्या दोन रात्री पिक्चर्ड रॉक्स या राष्ट्रीय संरक्षित किनाऱ्यावरच्या ट्वेल्व्हमाइल बीच कॅम्पग्राउंडवर आहेत. तिथे वीज नाही, शॉवर नाही, डंप स्टेशनही नाही, पण लेक सुपीरिअर या तळ्याचा किनारा पावलांवर आहे. न्यूबेरीत इंधन घ्या, मग सीनीवरून उत्तरेला ग्रँड मराय आणि तिथून पश्चिमेला एच-58. हा रस्ता आता पूर्ण डांबरी असला तरी वळणावळणाचा आहे, कपाटांच्या कड्या लावून घ्या. त्यानंतर मार्केट (Marquette) या शहरात हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) असलेली रात्र काढून टाक्या मोकळ्या करा आणि शेवटी कॉपर हार्बरचं फोर्ट विल्किन्स स्टेट पार्क, तिथे पुन्हा वीज आहे.

वीज नसलेल्या दोन रात्रींत खरी अडचण थंडीची होते. सुपीरिअरकाठी जुलैतही रात्री पारा 50 फॅरनहाइटपर्यंत उतरतो. गाडी गरम करणारा फर्नेस प्रोपेन गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि तो ताशी सहा-सात अँपिअर-अवर खातो. रात्रीच्या आठ तासांत निम्मा वेळ चालला तर 24 ते 28 अँपिअर-अवर गेले. शंभर अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून पन्नासच वापरायचे असतात, म्हणजे दिवे आणि पाण्याचा पंप धरून ती एक रात्र निभावते आणि दुसरीला कुरकुरते. गॅसचंही तसंच. वीस पौंडांच्या सिलिंडरमध्ये सुमारे 4.7 गॅलन प्रोपेन असतं, ते ताशी 30 हजार बीटीयू (उष्णतेचं एकक) खाणाऱ्या फर्नेसला सलग चौदा तास पुरतं. जाड पांघरुणं घ्या आणि थर्मोस्टॅट 58 वर ठेवा, हा स्वस्तातला उपाय. चुलीचे बर्नर पेटवून गाडी गरम करू नका, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो.

वीज मिळाली तरी ती बेताचीच. 30 अँपची जोडणी म्हणजे 120 व्होल्टवर 3,600 वॉट. एसी दीड हजार, विजेवरचा गीझर चौदाशे, त्यात 1,800 वॉटचा इंडक्शन लावला की ब्रेकर पडलाच. स्वयंपाकाच्या वेळी गीझर गॅसवर घ्या. गर्दीच्या उन्हाळी दुपारी व्होल्टेज 105च्या खाली गेलं तर एसीचा काँप्रेसर धोक्यात येतो, म्हणून कमी व्होल्टेजला आपोआप वीज तोडणारा सर्ज प्रोटेक्टर घ्या. नुसती व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारा स्वस्त प्रोटेक्टर इथे कुचकामी.

डंप करताना हातमोजे घालून आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो. झडपा बंद करून टॉयलेटमधून दोन-तीन गॅलन पाणी आणि रसायन सोडा. सांडपाण्याची जोडणी मिळाली म्हणून ब्लॅकची झडप उघडी ठेवायची नाही. पातळ तेवढं वाहून जातं, घट्ट मागे राहतं आणि त्याचा डोंगर सुकून बसतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा. डंप स्टेशनवरच्या धुण्याच्या नळाला पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज कधीही लावू नका.

माश्यांबद्दल थोडं. मे-जूनमध्ये काळ्या माश्या, जून-जुलैत डास, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वारा दक्षिणेचा असला की किनाऱ्यावर घोट्यांना चावणाऱ्या स्टेबल फ्लाय. या शेवटच्यांपुढे डीईईटी हे कीटक पळवणारं औषध फारसं चालत नाही. लांब विजार, जाड मोजे, आणि वारा फिरेपर्यंत जंगलातली पायवाट. लाकूड घरून आणू नका, त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात. तिथेच विकत घ्या.

मिशिगनचा दक्षिण भाग अपर पेनिन्सुलाला जोडणाऱ्या मॅकिनॉ पुलावरच्या वाऱ्याचा अंदाज निघायच्या आदल्या रात्री बघा. पाच मैलांचा हा पूल वाऱ्यात उंच गाड्यांना जड जातो. ताशी 20 मैलांपुढे वारा असला तर वेग 20 वर आणायला सांगतात, 35 च्या पुढे आरव्हीला सोबतीची गाडी घेऊनच जावं लागतं, आणि वारा त्याहून वाढला तर थांबवतातच. परतीच्या दिवशी आरव्ही भाड्याने घेतलेल्या ठिकाणी पोचायची वेळ ठरलेली असेल, तर आदला मुक्काम सेंट इग्नेसला न करता पूल ओलांडून मॅकिनॉ सिटीत करा.